सगळं ठाऊक असूनही पुन्हा जाणारे

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

माझे आवडते युद्धवीर कोण आणि का, असं तू विचारलंस. मी थोरल्या बाजीरावांचं नाव घेईन, असं तुला वाटत असणार. १७२८ साली पालखेडला त्यांनी निजामाला कसं कोंडीत पकडलं, ते मी आजही तितक्याच ओढीने वाचतो. पण तिथे मी थक्क होतो तो सेनापतीच्या बुद्धीने. मनात घर केलंय ते वेगळ्याच माणसांनी. मृत्यू अगदी जवळून पाहून ती माघारी आली आणि पुन्हा त्याच जागी गेली. पहिल्या झेपेत रक्त तापलेलं असतं, पुढ्यात काय आहे ते धड दिसतही नसतं. दुसऱ्या खेपेला सगळं ठाऊक असतं.

नामदेव जाधवांचंच बघ. मराठा लाइट इन्फंट्रीतले शिपाई, कंपनीचे निरोपे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदी ओलांडताना पुढच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले. नामदेवांनी एका जखमीला उचललं आणि खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग दुसऱ्यासाठी परत गेले. वरून मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा चालूच होता. तिसऱ्यांदा गेले ते शत्रूच्या मशीनगन बंद पाडायलाच. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्बने आणखी दोन ठाणी संपवली. शेवटी बांधावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि उरलेल्यांना हात करून पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, मिळाला. मला मात्र त्या गर्जनेपेक्षा दुसऱ्या जखमीसाठी मारलेली फेरी मोठी वाटते. एकाला वाचवून ते अलीकडेच थांबले असते, तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

आणि रामा राघोबा राणे! खरं तर हे पत्र त्यांच्यासाठीच लिहितोय म्हण. मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या पहिल्या युद्धात, नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. शत्रूने रस्ता फोडला होता, झाडं आडवी पाडली होती, सुरुंग पेरले होते. ८ तारखेला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सहकारी गेले, पाच जखमी झाले, त्यांत राणे स्वतःही होते. तरीही ते कामावरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सुरुंग काढा, ओंडके हटवा, बाजूने नवी वाट काढा, आणि हे सगळं गोळीबारात. रणगाड्याच्या आडोशाने सरपटत, दोऱ्या ओढून चालकाला थांबण्या-निघण्याच्या खुणा करत त्यांनी वाट काढल्याचं सांगतात. ११ तारखेपर्यंत हे चाललं आणि १२ ला सैन्य राजौरीत पोचलं.

सुरुंगाशी झटताना त्वेष उपयोगाचा नसतो. हात थरथरला की संपलं. दिवसामागून दिवस गोळीबारात हात स्थिर ठेवायचा, याला काय म्हणावं! जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले, आणि तेही वाट मोकळी केल्याबद्दल. हे वाचलं की मला फार अभिमान वाटतो.

परक्यांपैकी एकच सांगतो: नोएल शॅव्हास, पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश सैन्याचा डॉक्टर. ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रान्समधल्या गियमाँ इथे रात्री दोन्ही फळ्यांमधल्या मोकळ्या रानात जखमींना शोधत फिरला. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये, सुरुवातीलाच जबर जखमी होऊनही, तो दोन दिवस आघाडी सोडून मागे गेला नाही, जखमींना आणायला जातच राहिला. ४ ऑगस्ट १९१७ ला गेला. दुसरा क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याच्या थडग्यावर दोन्ही कोरलेत.

आता एका नावावर तुझं मत हवंय: शिवा काशीद. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून हा नाभिक त्यांच्या वेशात पालखीत बसला. माझ्या कसोटीत तो बसत नाही, कारण दुसरी खेप त्याच्या नशिबातच नव्हती. पण पुढे काय होणार ते त्याला पहिल्या पावलापासून माहीत होतं. बाजीप्रभूंच्या हाती तलवार होती, सोबत बांदलांचे मावळे होते. शिवा वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या छावणीत पोचला तो निःशस्त्र, राजासारखं ताठ बसून. ओळख उघडी पडेपर्यंतचा एकेक क्षण त्याने महाराजांना मिळवून दिला. मला तो बाजीप्रभूंच्या तसूभरही मागे वाटत नाही. तू मात्र घोडखिंडीचा अभिमानी! पटत नसेल तर सविस्तर लिही, आणि तुझी नावंही कळव.

तुझाच,
मित्र