इसार देण्याआधी माती पाहा

नागपूर,
दि. १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर पुण्याचा गाशा गुंडाळून कन्हानच्या काठी वावर घ्यायचा तुझा बेत वाचून आनंद झाला. पण सोबतच्या माती परीक्षण अहवालावरून तू जमीन निर्धोक ठरवून मोकळा झालास, ते मला पटले नाही. त्या अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन अशा बारा बाबी आहेत. मृदा आरोग्य पत्रिकेतही याच असतात. पिकाला काय कमी पडेल हे त्यांवरून कळते, मातीत नको ते काय शिरले आहे हे कळत नाही. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक किंवा कीटकनाशकांचे अवशेष यांची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते आणि तिला पैसेही जास्त पडतात. (पण जमिनीच्या भावापुढे ते काहीच नाहीत.)

आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश बहुधा निम्म्याच्या आसपास असतो, आणि ज्या गुणामुळे ती ओल व खत धरून ठेवते त्याच गुणामुळे ती धातूही सोडत नाही. चुनखडीमुळे तिचा सामू चढा असतो, म्हणून यांतले बरेच धातू मुळांना सहजी मिळत नाहीत, एवढाच काय तो दिलासा. मात्र आर्सेनिकच्या बाबतीत तोही फारसा नाही.

तू सुचवलेल्या भागात कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांची राख हे पहिले कारण. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक राखच असते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत व नाल्यांत पसरले. दुसरे कारण नाग नदी, जी शहराचे सांडपाणी घेऊन पुढे कन्हानला मिळते. त्या पाण्यावर पालक आणि मेथी हिरवीगार येते, कारण नत्र फुकटात मिळते. पण साबणाचे क्षार आणि मुलामा देणाऱ्या लहान कारखान्यांचे निकेल, क्रोमियमही त्याच पाटाने वावरात येऊ शकते.

तरीही सगळे पाप कारखान्यांच्या आणि शहराच्या माथी मारून चालणार नाही. दलालाने तुला 'पूर्वी इथे संत्र्याची बाग होती' असे कौतुकाने सांगितले, आणि मला नेमकी तिथेच शंका आली. खोडातून डिंक गळतो त्या डिंक्या रोगासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असा बोर्डो मलम करून तो पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्याला फासतात. उपाय उत्तम आहे, मीही तो कास्तकारांना सांगतो. पण जुन्या बागेत बुंध्याचा तो फिकट निळा थर पावसाने ओघळून खोडाभोवतीच्या मातीत उतरलेला असतो, आणि मोरचुदातले तांबे कुजत नाही की उडून जात नाही. वर्षानुवर्षे साचून ते वाढले, तर गांडुळे आधी कमी होतात. तुझ्या अहवालात तांबे 'पुरेसे' लिहिले आहे. पुरेशाच्या पलीकडे किती, हे त्यात कुठेच नाही. बाग नसून कपाशी असती, तर मी फवारण्यांची चौकशी करायला सांगितले असते. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली, पण त्याआधी ते कपाशीवर सर्रास फवारले जात असे.

म्हणून नमुना पुन्हा घे. जुन्या झाडांच्या बुंध्याजवळची, दोन ओळींमधली आणि पाटाच्या तोंडाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भर, एकत्र मिसळू नकोस. जस्ताचा मुलामा असलेले घमेले किंवा पितळी भांडे वापरू नकोस, नाहीतर भांड्याचाच धातू अहवालात दिसायचा. तलाठ्याकडून मागील वीस वर्षांचे सातबारे काढून आण. बाग कधीपासून होती आणि पाणी कशाचे होते, हे पीकपाहणीच्या रकान्यांत सापडेल. दोन्ही हाती आल्यावर मला पाठव, तोवर इसाराचा रुपयाही देऊ नकोस, दलाल कितीही घाई करो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत