डंपरला ‘यमदूत’ म्हणू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतला एक तरुण मुलगा दुचाकीवरून घरी येत असताना घोडबंदर रस्त्यावर खड्डा चुकवण्याच्या प्रयत्नात पडला आणि मागून येणाऱ्या डंपरखाली सापडून जागीच गेला. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात बातमी आली, तिचा मथळा होता, ‘डंपर ठरला यमदूत’. असे मथळे आपण सर्वांनी इतक्या वेळा वाचले आहेत, की त्यात काही खटकावे असे मलाही वाटले नव्हते. खटकले ते माझ्या नववीतल्या नातीला. ती म्हणाली, “आजी, यमदूत कुठे मारतो? तो तर फक्त न्यायला येतो ना?”

तिला हे ठाऊक होते ते कोरियन मालिकांमुळे. या मालिकांतले यमदूत चारचौघांसारखे भाड्याच्या घरात राहतात, भाजी आणतात, शेजाऱ्यांशी बोलतात आणि वेळ झाली की नाव व घटका लिहिलेली चिठ्ठी घेऊन कामावर निघतात. पोरे भलतेसलते पाहतात अशी तक्रार करणाऱ्या पालकांना मला आवर्जून सांगावेसे वाटते, की ही पात्रे आपल्याला परकी नाहीत. कोरियन भाषेत या दूताला ‘जोसुंग साजा’, म्हणजे परलोकाचा दूत, म्हणतात आणि तो ज्या येओम्रा राजाची चाकरी करतो, तो मुळात आपला यमराजच आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनमध्ये गेला, तेथे यानलुओ झाला, कोरियात येओम्रा आणि जपानात एन्मा झाला. कोरियात जुन्या रीतीप्रमाणे घरात कोणी गेले, की दाराबाहेर तीन वाडगे भात, गवताच्या चपलांचे तीन जोड आणि थोडी नाणी ठेवत, कारण न्यायला येणारे तिघे दूत लांबून चालत आलेले असतात आणि त्यांना आपल्या माणसाला घेऊन तितकेच परत चालायचे असते. ज्याच्यासाठी भात वाढून ठेवावा, तो मारेकरी कसा असेल?

आपल्याकडेही वेगळे नाही. यम बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला तो दिवस यमद्वितीया म्हणून, भाऊबीज म्हणून आपण घरोघरी साजरा करतो. महाभारतातल्या वनपर्वात सत्यवानाला न्यायला यम स्वतः येतो, तेव्हा सावित्री त्याला विचारते की न्यायला तर तुमचे दूत येतात, मग आपण कसे आलात. त्यावर तो सांगतो, की हा धर्मशील आणि गुणवान आहे, याला माझ्या सेवकांनी न्यावे हे योग्य नव्हे. भागवतातल्या अजामिळाच्या कथेत विष्णुदूतांनी अडवले, की यमदूत जोर न करता धन्याकडे परत जातात. मर्यादा पाळणारे हे सेवक आहेत.

आणि स्वतः यमाने मर्यादा ओलांडली तेव्हा काय झाले, ते आदिपर्वात आहे. माण्डव्य ऋषींना सुळावर चढावे लागले, ते का, असे त्यांनी यमधर्माला विचारले. लहानपणी तुम्ही किड्यांना गवताची काडी टोचली होती, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. अजाण वयातल्या एवढ्याशा अपराधाला एवढी मोठी शिक्षा दिल्याबद्दल ऋषींनी यमालाच शाप दिला, चौदा वर्षांच्या आतले कृत्य पाप मानले जाणार नाही असा दंडक घातला आणि यमधर्माला दासीच्या पोटी विदुर होऊन माणसांत जन्म घ्यावा लागला. साक्षात यमाला स्वतःच्या चुकीचा जाब द्यावा लागला, आयुष्यभर माणसांत राहून द्यावा लागला, ही कथा मला आपल्या परंपरेतली फार मोठी गोष्ट वाटते. शाळेत मी ती कितीतरी वर्गांना सांगितली आहे.

म्हणूनच डंपरला यमदूत म्हणण्याला माझी कळकळीची हरकत आहे. यमदूत आला म्हटले, की घटका भरली होती, नशिबात होते, असा अर्थ आपोआप निघतो आणि पुढे कोणी काही विचारत नाही. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड वाहतूक याच रस्त्याने जाते. तिला प्रवेशाच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात. त्या पाळल्या गेल्या होत्या का, चालक किती तास सलग गाडी चालवत होता, डंपर कोणाच्या मालकीचा होता, रस्त्याच्या त्या तुकड्याची दुरुस्ती कोणत्या ठेकेदाराकडे होती, हे सगळे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकले जातात. माणसाने केलेल्या हयगयीचे ओझे आपण अशा देवाच्या चाकरावर टाकतो, ज्याने कोणाला ढकलले नाही की चिरडले नाही.

आपल्यासह सर्व मराठी दैनिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे, की अपघाताच्या मथळ्यात हा शब्द वापरणे थांबवावे आणि त्या जागी ठिकाण, वाहन आणि रस्त्याची स्थिती लिहावी. जागा अपुरी पडत असेल, तर निदान खड्ड्याचा उल्लेख तरी गाळू नये.

त्या मुलाच्या आईने बातमीचे कात्रण जपून ठेवले आहे. त्यात त्याचे नाव आहे, वय आहे, डंपरचा रंगसुद्धा आहे. तो खड्डा तिथे किती दिवसांपासून होता, हे मात्र त्यात नाही आणि भेटले की ती मला तेवढेच विचारते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)