रमाबाईंचं नाव ऑक्सफर्डच्या प्रार्थनेत

ऑक्सफर्ड,
४ मे

प्रिय आई-पप्पा,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा फोनवर पप्पांनी विचारलं, “विश्वास शाबूत आहे ना गं?” मी ‘आहे’ म्हणाले आणि विषय परीक्षेकडे वळवला. उत्तर खोटं नव्हतं, तोकडं होतं. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं वाक्य अर्ध्यावरच राहतं, म्हणून लिहून पाठवते. आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. फक्त प्रभुभोजनाचा भाग आला की आधी तिला नीट बसवा.

इथं आल्यावर पहिल्यांदा जाणवले ते रिकामे बाक. शहरात पावलोपावली चर्च, त्यातली कित्येक आपल्या नगरच्या किल्ल्याहून जुनी, आणि आत पांढऱ्या केसांची मोजकी माणसं. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ५९.३ होता. ‘कुठलाच धर्म नाही’ असं लिहिणारे ३७.२ टक्के. माझ्या वर्गातले बहुतेक याच रकान्यातले. ती मुलं धर्माच्या विरोधात आहेत असंही नाही. मी रविवारी उपासनेला जाते म्हटल्यावर ‘हो का, छान’ म्हणतात. पोहायला जाते म्हटलं असतं तरी हेच म्हणाले असते. मला वादाची सवय होती, या ‘छान’ची नव्हती.

तिकडे मी उपासनेला जायचे त्यात माझं किती आणि तुमचं, मंडळीचं किती, हे कधी पाहावंच लागलं नाही. न जाऊन सांगते कुणाला? दारात पाळकसाहेब उभेच, ‘मागच्या रविवारी दिसली नाहीस’ म्हणायला. इथं मी गेले काय आणि न गेले काय, कुणाला पत्ता नाही. सत्र चालू असताना व्हिसाच्या नियमानं आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि तास मिळतात ते शनिवार-रविवारी. मी रविवारची सकाळ मोकळी मागून घेतली. मॅनेजर देवबिव न मानणारा, पण त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. शनिवारची रात्र मात्र माझ्या गळ्यात घातली.

आता आजीसाठी. इथं प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, द्राक्षारस खराखुरा, आंबवलेला असतो. चर्च ऑफ इंग्लंडचा नियमच तसा आहे. सगळे एकाच पेल्यातून घेतात. खोकल्याच्या औषधात अल्कोहोल आहे का हे बाटलीवर वाचणाऱ्या घरातली मी, पहिल्या वेळी हात पुढे होईना. मग घेतला, एक घोट. पेला देणाऱ्या पाळक बाई होत्या, हेही सांगून टाकते. इथं बायकांना ही दीक्षा १९९४ पासून मिळते. माझ्या मते त्या आजवर ऐकलेल्यांत सर्वांत चांगलं प्रवचन करतात, मुख्य म्हणजे बारा मिनिटांत संपवतात.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘तुमच्या घराण्याला ख्रिस्ती आम्ही केलं का?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा असतो, त्यामुळे चिडताही येत नाही. मी सांगते, बाबा, आमच्याकडे आले ते अमेरिकन. १८१३ साली मुंबईत उतरले तेव्हा तुमच्याच कंपनी सरकारनं त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला होता. नगरला त्यांचं काम सुरू झालं १८३१ मध्ये. केरळमधले ख्रिस्ती तर आपली परंपरा इसवी सन ५२ मध्ये आलेल्या संत थोमापर्यंत नेतात, आणि इंग्लंडात धर्मप्रसारासाठी कँटरबरीला ऑगस्टीन पोचला ५९७ मध्ये. रोमन काळात इथं ख्रिस्ती होतेच, पण ते मी मुद्दाम सांगत नाही.

मराठी मुलांचं उलटं. नाव ऐकून ‘गोव्याची का?’ आडनाव ऐकून गप्प. मग कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पण तू मराठी किती छान बोलतेस!’ याचं मात्र मला अजून हसू येत नाही. घरात पाच पिढ्या मराठीत प्रार्थना झाली, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं झाली, आणि छान बोलल्याबद्दल शाबासकी!

हे सगळं डोक्यात असतानाच ३० एप्रिल आला. कॉलेजच्या चॅपलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही पाचसहा जण होतो. पाळक बाईंनी त्या दिवशी स्मरण करायचं नाव वाचलं: पंडिता मेरी रमाबाई, पवित्र शास्त्राच्या भाषांतरकार. मी ताडकन मान वर केली. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांचा दिवस आहे, हे मला माहीतच नव्हतं. केडगावात (आपल्या नगरशेजारच्या नव्हे, दौंडकडच्या) मुक्ती मिशन उभारणाऱ्या रमाबाई इथल्यांना आठवतात, आणि आपल्या मंडळीत त्यांचं नाव शेवटचं कधी घेतलं, ते सांगा बरं.

शनिवारी बस पकडून वाँटेजला गेले. चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा, कारण तो या गावात जन्मला. रमाबाई १८८३ मध्ये इथल्या जोगिणींच्या (नन्सच्या) मठात छोट्या मनोरमेला घेऊन राहिल्या आणि २९ सप्टेंबरला दोघींचा बाप्तिस्मा झाला. हे आपल्याला शाळेपासून पाठ. पुढचं कुणी सांगत नाही. नंतर चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात शिकताना आणि संस्कृत शिकवताना त्यांनी याच मठातल्या जेराल्डिनबाईंना पत्रामागून पत्रं लिहिली. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे नेमकं काय? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नकोस असं सांगणारे बिशप कोण? एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. मला वाटतं, रमाबाईंचा विश्वास त्यांच्यापेक्षा खोल होता, म्हणून प्रश्न विचारायची त्यांना भीती वाटली नाही. ज्यांनी जेवू घातलं, आसरा दिला, त्यांनाच हे लिहायचं, परक्या देशात, पदरात पोर घेऊन. माझ्याच्यानं झालं नसतं.

पप्पा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं कुठंतरी आहे. मला शंका आहेत. जानेवारीत मी तापानं पडले तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलगी रात्रीतून दोनदा उठून मला बघून गेली. ती देव मानत नाही. ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’ हे येशूचं वचन मी लहानपणापासून म्हणत आले, आता तिचा चेहरा समोर ठेवून म्हणता येत नाही. पाळक बाईंना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, दोन जाड पुस्तकं दिली. एक अर्धं झालंय आणि त्यातलं निम्मं मला पटलेलं नाही. तरी रोज रात्री स्तोत्र वाचते, मराठीतूनच. आईनं पाठवलेली भजनं लावते. तुमच्या दोघांसाठी, दादासाठी, आणि आजीच्या गुडघ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करते. त्यात शंका येत नाही.

आता काम. २४ मेला पेंटेकॉस्ट आहे, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते वेगवेगळ्या भाषांत बोलू लागले त्या दिवसाचा सण. प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय आम्ही इथं प्रत्येकानं आपापल्या भाषेत वाचायचा ठरलाय: एक मल्याळी, एक नायजेरियाचा योरुबा बोलणारा, आणि मी. मला रमाबाईंच्या भाषांतरातून वाचायचं आहे. मुक्तीतल्या बायकांनी स्वतःच्या छापखान्यात खिळे जुळवून छापलेलं ते. आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी प्रत होती, पुठ्ठा निघालेली, दोऱ्यानं बांधलेली. पप्पा, ती तीच आहे का पाहा. असेल तर पहिल्या तेरा ओव्यांच्या पानांचे फोटो पाठवा, उजेडात काढा, दादाला काढायला सांगा, तुमचे हलतात. तालमीला आठवडा तरी हवा, तेव्हा १५ तारखेच्या आत पाठवा.

आजीला सलाम.

तुमची लेक