गाद्या घालणारा मुलगा मॅनेजर का होत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीनंतरच्या करिअरवर आपण काढलेली पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचली. हॉटेल क्षेत्राला तिच्यात अर्धा रकाना मिळाला आणि तोही शेफ, क्रूझ आणि दुबई यांतच संपला. पुण्यातल्या हॉटेलांत एकतीस वर्षं हाऊसकीपिंग, म्हणजे खोल्यांची साफसफाई आणि चादरी-धुलाई, सांभाळल्यामुळे मला यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. दहा-वीस खोल्यांचं लॉज किंवा रिसॉर्ट नीट चालवणं ही स्वतंत्र विद्या आहे. ती शिकण्याची सोय आपल्याकडच्या कष्टकरी मुलांना मिळत नाही.

गरज तर डोळ्यांसमोर आहे. राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत 18 लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे. कृषी पर्यटनाचं धोरण 2020 सालीच आलं. मुळशी, पानशेत, भोर, जुन्नर, कुठेही जा, शेताच्या बांधावर खोल्या उभ्या राहिलेल्या दिसतात. पण त्या चालवायला एकतर मालकाचा पुतण्या असतो, नाहीतर बाहेरून आणलेला मॅनेजर. शेजारच्या गावातला मुलगा तिथे गाद्या घालायला लागतो आणि दहा वर्षांनीही गाद्याच घालत असतो.

माझ्या हाताखाली भोर तालुक्यातला असाच एक मुलगा लागला. बारावी नापास. पहिल्या वर्षी पाळीला चौदा खोल्या साफ करायचा, तिसऱ्या वर्षी मजल्याचा सुपरवायझर झाला. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाने साठ खोल्या भरल्या होत्या आणि रात्री बॉयलर बंद पडला. पहाटेचा मुहूर्त, साडेचारला मंडळी आंघोळीला उठणार. फ्रंट ऑफिसची, म्हणजे स्वागतकक्षातली, मुलं फोन फिरवत बसली. याने किचनमधल्या सगळ्या शेगड्यांवर पातेली चढवली, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका कुठल्या खोल्यांत आहेत त्याची यादी रात्रीच काढली आणि गरम पाण्याच्या बादल्या आधी तिकडे पोचवल्या. मग मजल्यामजल्यावर उभं राहून स्वतः माफी मागितली. एकाही पाहुण्याने तक्रार लिहिली नाही. माणसं हाताशी धरून वेळ निभावून नेणं मी त्या पहाटे त्याच्याकडून शिकले.

पुढे असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली, तेव्हा मी त्याचं नाव पाठवलं. पदवी नाही म्हणून कागद परत आला. त्या जागेवर घेतलेला पदवीधर मुलगा आठ महिन्यांत जहाजावर निघून गेला. त्यालाही मी दोष देत नाही. सुरुवातीचा पगार तुटपुंजा, त्यात ब्रेक शिफ्ट. सकाळी चार-पाच तास राबवायचं, दुपारी सोडायचं आणि संध्याकाळी पुन्हा बोलवायचं. असं किती दिवस कोण काढेल?

भोरच्या मुलाने शेवटी नोकरी सोडली आणि भावांच्या जमिनीत आठ खोल्या बांधल्या. पहिली दोन वर्षं त्याने निव्वळ तोटा सोसला. आठ खोल्या म्हणजे महिन्याला 240 रात्री विकायच्या. त्यांतल्या शुक्रवार-शनिवारच्याच भरल्या तर 64 विकल्या जातात, म्हणजे जेमतेम 27 टक्के. पगार, वीज, कर्जाचा हप्ता मात्र तीसही दिवस चालू. भाडं त्याने शेजारच्या रिसॉर्टचा बोर्ड बघून ठरवलं होतं. पलंगामागे चादरींचे तीन जोड लागतात, एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात, हे त्याला तोंडपाठ होतं. पण एक खोली आपल्याला रोज कितीला पडते, बुकिंग ॲपचं कमिशन जाऊन हातात काय उरतं, परदेशी पाहुणा उतरला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला कशी कळवायची, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मीही नाही. मला स्वतःला माझा विभाग सोडून काही येत नव्हतं आणि याची खंत आजही आहे.

हॉटेलची पदवी नसताना हॉटेल नावारूपाला आणणारी माणसं पुण्याला नवी नाहीत. ‘वैशाली’ हॉटेलचे जगन्नाथ शेट्टी कोवळ्या वयात कर्नाटकातून आले, हॉटेलात नोकरी करत धंदा शिकले आणि पुढे फर्ग्युसन रस्त्याची ओळख झाले. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी 1935 मध्ये सुरू केलं. त्यांचे चिरंजीव चारुकाका सरपोतदारांनी तिथे नाटक-तमाशातल्या कलावंतांना घरच्यासारखं सांभाळलं. उडुपी हॉटेलांत गल्ल्यावर बसण्याआधी पोऱ्या म्हणून टेबलं पुसलेली आणि भटारखान्यात घाम गाळलेली माणसं मी पाहिली आहेत. आपल्याकडे घरचेच ‘लोकांची उष्टी काढणार का?’ म्हणून विचारतात. आणि जो मुलगा तरीही येतो त्याला गल्ल्याजवळ कोणी फिरकू देत नाही.

शिवाजीनगरला राज्य सरकारची हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे. तिथे कामावर असलेल्या सुपरवायझरांसाठी सहा महिन्यांचा मराठी वर्ग सुरू व्हावा. लोणावळा-मुळशीकडची हॉटेलं मंगळवार-बुधवारी ओस असतात, वर्ग त्याच दिवशी ठेवावा. प्रवेशाला पाच वर्षांचा अनुभव पुरे, पदवी मागू नये. निम्मी फी हॉटेलमालकांच्या संघटनांनी उचलावी. हॉटेलांना उद्योगाचा दर्जा देऊन 2021 पासून वीज-पाण्याचे दर उद्योगाप्रमाणे लावायचं सरकारने ठरवलं, त्या सवलतीतला थोडा वाटा कामगाराकडे वळायला हवा. किचनमध्ये दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक हवा, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं आणि त्यासाठी प्रशिक्षणही होतं. मग खोल्या आणि हिशेब सांभाळणाऱ्यांसाठी का होऊ नये?

मजल्यावर काम करणाऱ्या बायकांना या वर्गात राखीव जागा असाव्यात. महिलांच्या पर्यटन व्यवसायाच्या कर्जावर व्याज परतावा देणारं ‘आई’ धोरण राज्याने 2023 मध्ये आणलं, पण रोज पंधरा खोल्या झाडणाऱ्या बाईला ते माहीतच नसतं.

असा वर्ग निघाला तर चादरी आणि धुलाईचा हिशेब शिकवायला मी दर मंगळवारी मानधनाशिवाय येईन. भोरच्या त्या मुलाला विचारलं, भाडं कसं ठरवायचं ते शिकवायला तोही तयार आहे.

आपली,
एक निवृत्त हाऊसकीपिंग मॅनेजर
कोथरूड, पुणे