ट्रंकेतले दोन कागद: शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : शाळेतलं कर्सिव्ह (इंग्रजी अक्षरं जोडून लिहिणं) बंद न करण्याबाबत आणि मोडी (मराठीची जुनी लिपी) वाचायला शिकवण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं आणि २०२२ साली निवृत्त झाले. हल्ली पालक भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात : "बाई, पुढे सगळं टाईपच करायचंय, मग पोरांना ते वेलांट्यावेलांट्यांचं कर्सिव्ह कशाला गिरवायला लावतात?" शिक्षकही खासगीत तेच म्हणतात. उद्या हा प्रश्न तुमच्या टेबलावर येईल आणि कुणीतरी एका ओळीत निकाल लावून टाकील. त्याआधी माझं म्हणणं तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

२०२३ च्या गणपतीत घर आवरताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वडील मुंबईला गोदीत कारकून होते. कचेरीची सवय म्हणून घरचा हिशेबही ते इंग्रजीत, जोडून लिहीत. त्यांची एक डायरी वर आली. पुतण्याची मुलगी मुंबईहून आलेली, इंग्रजी माध्यमात नववीला. इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा फर्डं बोलते. मी कौतुकाने डायरी तिच्या हातात दिली. तिने पान आडवं केलं, उभं केलं आणि विचारलं, "आजी, हे कुठल्या भाषेत आहे?"

मला पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करतेय. मग तिचं तोंड बघितलं. तिने मोबाईलने फोटो काढून शब्द ओळखायचा प्रयत्न केला, त्यात निम्मे भलतेच आले. शेवटी मीच बोट ठेवून वाचून दाखवलं : गावाहून पेटी आली, चार डझन, अकरा नासके. "आंब्याची पेटी?" तिने विचारलं आणि पुढची पाच पानं माझ्याकडून वाचून घेतली. आपल्या पणजोबांचं शुद्ध इंग्रजी तिला परक्यासारखं दुसऱ्याकडून ऐकावं लागलं, कारण तिला शाळेत सुटी अक्षरं शिकवली होती आणि जोडलेली कधी शिकवलीच नव्हती.

त्याच ट्रंकेच्या तळाशी मेणकापडात बांधलेला एक जुना कागद होता. मोडीतला. पानभर आधी एक लांब रेघ ओढून घेतलेली आणि तिला खालून अक्षरं लटकवत नेलेली, शब्द कुठे संपतो ते कळायला मार्ग नाही. तो मी लहानपणापासून बघत आले होते. वडिलांना तो वाचता येत नव्हता, मला येत नव्हता. आम्ही त्याला हळदकुंकू लावून परत ठेवून द्यायचो. त्या दिवशी त्या पोरीसमोर मला माझीच लाज वाटली. तिला विचारायला आजी तरी होती. मला या कागदाबद्दल विचारायला घरात कुणीच उरलं नव्हतं.

कणकवलीच्या एका मोडी जाणकारांकडून मी तो वाचून घेतला. शके १८३१ चा, म्हणजे इसवी सन १९०९ चा करार निघाला. आमच्या आणि शेजारच्या भाऊबंदांच्या घराने मिळून बाव, म्हणजे विहीर, खणली, खर्च निम्मा-निम्मा, बावीवर जायची वाट दोन्ही घरांना कायम, आणि कुणी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलाच तर तो वाट सोडून घालावा, असा साधा मजकूर. खाली एका बाजूला सही, दुसऱ्या बाजूला 'निशाणी नांगर', म्हणजे ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी सहीच्या जागी केलेली नांगराची खूण.

मंत्रिमहोदय, या वाटेवरून आमच्या दोन घरांत १९८९ पासून भांडण होतं. गडगा घातला गेला, मोजणी झाली, वकील झाले, गणपतीच्या आरतीला एकमेकांकडे जाणं बंद झालं. माझे काका आणि पलीकडचे दादा, दोघेही त्या वादातच गेले. आणि वादाचं उत्तर या सगळ्या काळात आमच्या माळ्यावर मेणकापडात बांधून ठेवलेलं होतं.

मोडी काही पाचशे वर्षांपूर्वी मेलेली नाही. मुंबई सरकारने १९१७ साली कारभारासाठी बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, पुढे केली, तरी मोडी शाळेत काही दशकं शिकवली जात होती आणि जुनी माणसं घरचे हिशेब, पत्रं त्यातच लिहीत. मग कधीतरी ती शाळेतून गेली. तेव्हाही कारण असंच रास्त असणार : छपाईला गैरसोयीची, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही, दोन लिप्यांचा मुलांवर बोजा कशाला. प्रत्येक कारण खरं होतं. पण दोन पिढ्यांत काय झालं, ते आम्ही कोकणातली माणसं रोज बघतो. इथे जमिनी सामाईक, एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावं. खोतीच्या कबुलायती, गहाणखतं, वाटणीपत्रं माळ्यामाळ्यांवर पडून आहेत आणि घरातली पदवीधर पोरं त्यांच्यापुढे निरक्षर आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा सरकारलाही ठिकठिकाणी मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. ज्या लिपीत राज्याचा कारभार शतकानुशतकं चालला, ती वाचायला बाहेरून जाणकार बोलवावे लागले.

कर्सिव्हच्या बाबतीत अमेरिका याच वाटेने गेली. तिथे २०१० मध्ये अनेक राज्यांनी मिळून स्वीकारलेल्या शालेय मानकांत कर्सिव्हचा उल्लेखच नव्हता, आणि खूप शाळांनी ते सोडून दिलं. आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला आपल्याच देशाची जुनी कागदपत्रं वाचून उतरवून काढायला कर्सिव्ह वाचणारे स्वयंसेवक हवे आहेत. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीला ते पुन्हा आणलं. फिनलंडने २०१६ मध्ये जोडून लिहायची सक्ती काढली, हेही मला ठाऊक आहे. पण आपल्याला फिनलंडकडे बघायची गरज नाही. लिपी शाळेतून काढली की काय होतं, हा प्रयोग आपण आपल्याच घरात करून बसलो आहोत.

कर्सिव्हच्या बाजूने बोलणारे मेंदूच्या संशोधनाचा दाखला देतात, तो मी जपून वापरते. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला संवेदक लावून पाहिलं गेलं, ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जितके जोडले जातात, तितके कळफलकावर टाईप करताना जोडले जात नाहीत, असं त्यात दिसलं. हे महत्त्वाचं आहे. पण त्यातून हाताने लिहावं एवढंच निघतं, जोडूनच लिहावं असं निघत नाही. माझा आग्रह मेंदूसाठी नाही. जे हात लिहितो तेच डोळा सहज वाचतो, हे मी वर्गात चौतीस वर्षं बघितलं. जोडलेलं अक्षर ज्याने कधी काढलं नाही, त्याला ते नुसतं बघून वाचता येत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. पहिलीच्या पोराला कर्सिव्ह लावणं हा जुलूम आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि चार लिप्या क्रमाने शिकवत : पहिली, दुसरी छापील, तिसरी, चौथी जोडून लिहायची. तोवर मराठी अक्षराने हात बसलेला असे. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, त्याला माझा विरोध नाही. पण मग खासगी शाळांशी चढाओढ म्हणून चार रेघी वहीत सहा वर्षांच्या मुलाकडून जोडलेला एफ आणि झेड काढून घेऊ लागले. त्या मुलाला अजून क आणि फ यांत गोंधळ होतो. पेन्सिल इतकी आवळून धरतात की मधल्या बोटाला खळगा पडतो. एका दुसरीतल्या मुलाची वही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही : चार ओळी नीट, पाचवीपासून अक्षरं रेघ सोडून खाली घसरत गेलेली, आणि शेवटच्या ओळीवर खोडरबर घासून घासून पडलेलं भोक. त्याला शिक्षा म्हणून तेच पान परत दिलं होतं.

कोरोनात शाळा बंद राहिल्यावर हे आणखी वाढलं. तिसरीत आलेली मुलं पाच ओळींत हात झटकायला लागायची. मराठी लिहिताना शिरोरेघ ओढायलाच विसरायची. हीच मुलं दहावीला तीन तास उत्तरपत्रिका हातानेच लिहिणार आहेत, आणि लिहायला वेळ पुरला नाही म्हणून त्यांचे गुण जाणार आहेत. टाईप करण्याच्या गप्पा आपण मारतो, पण परीक्षा पेनानेच घेतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पहिली-दुसरीत इंग्रजीची सुटी अक्षरंच असू द्या आणि खरी मेहनत मराठी अक्षरावर होऊ द्या. ल पाकळीचा आणि श देठाचा असावा, एवढं बारकाईने २००९ च्या शासन निर्णयात लिहिलेलं आहे. अक्षराच्या आकाराची इतकी काळजी घेणाऱ्या शासनाने तो आकार मुलाच्या हातात उतरेपर्यंत दोन वर्षं तरी द्यावीत. तिसरीपासून पाचवीपर्यंत रोज पंधरा मिनिटं कर्सिव्ह, आणि त्याला गुण नकोत. सुंदर आलंच पाहिजे हा हट्टही नको. ज्याचं अक्षर गिचमिड येईल, त्याचं येऊ दे. पण वर्षातून काही तास मुलांना दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायला द्या. घरून आजीची भजनाची वही आणा, आरत्यांची वही आणा, आजोबांचं पत्र आणा, आणि वर्गात वाचा. कोकणात प्रत्येक घरी अशी एखादी हाताने उतरवलेली वही असतेच, आणि पावसात ती दरवर्षी थोडी थोडी विरते. वाळवी आणि कसर आहेतच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा किती घरांतले कागद चिखलात गेले, ते त्या घरांनाच ठाऊक. जे कागद वाचले, ते वाचता येणारं माणूस तरी घरात असू दे.

यासाठी शिक्षकाचा स्वतःचा हात चालायला हवा. आमच्या डी.एड.ला फलकलेखनाचा सराव असायचा. खडू धरून रोज फळ्यावर लिहून दाखवावं लागे, आणि बाई मागे उभ्या राहून ओळ कुठे चढली, कुठे उतरली ते सांगत. आता नव्या शिक्षकांना पडद्यावर दाखवायचं कसब येतं, ते यावंच. पण मुलगा पेन्सिल उलटी धरतो, तेव्हा त्याच्या मागे बसून हातावर हात ठेवावा लागतो. ते पडदा करत नाही.

आणि आठवी-नववीला मोडी. लिहायला नको, फक्त वाचायला, ज्याला आवडेल त्याच्यासाठी. सुरुवात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांपासून करा. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतोच, तिथून तयार झालेल्यांना शाळांशी जोडता येईल. मोडी अवघड आहे असं सगळे म्हणतात. मी साठीच्या उंबऱ्यावर शिकले. पहिले आठ दिवस डोकं दुखलं. मग एका संध्याकाळी 'पाणी' हा शब्द आपोआप डोळ्यांत आला, आणि मागोमाग अख्खी ओळ. बोरू दौतीत बुडवला की शाई संपेपर्यंत हात उचलायचा नाही म्हणून अक्षरं अशी वाकली, हे कळलं की त्यांची भीती जाते. कर्सिव्हचंही तेच : टाकाचं टोक कागदावरून वारंवार उचललं की डाग पडे. मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे समजावून बघितलं आहे. त्यांना गुप्त लिपी उलगडल्यासारखी मजा येते.

दर रविवारी वाडीतली पाच मुलं माझ्या पडवीत येतात. दोघं मोडी वाचतात, तिघं अजून कर्सिव्हवर आहेत. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकाने, पलीकडच्या घरच्याच मुलाने, बावीच्या कराराची पहिली ओळ न अडखळता वाचली. दुसरीत "माका वाचूक येणा नाय" म्हणत रडणारा हाच मुलगा. आता तो आपल्या घरातली जुनी कागदपत्रं घेऊन येतो. त्यांच्याकडेही एक पेटारा आहे.

पण पडवीत पावसाची झड आत येते, आणि जुने कागद तिथे उघडता येत नाहीत. आमच्या वाडीची शाळा पट कमी झाला म्हणून बंद आहे. खोली शाबूत आहे, कौलं ठीक आहेत, काळा फळा अजून भिंतीवर आहे. मला मानधन नको, साहित्य मी आणीन. रविवारच्या दोन तासांसाठी त्या खोलीची किल्ली मिळावी, म्हणून तालुक्याच्या कार्यालयात दोन अर्ज दिले, उत्तर आलेलं नाही. आपण एक ओळ लिहिलीत तर ती मिळेल. हाताने लिहिलीत, तर मुलांना वाचायला देईन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग