निघण्याआधी परतीचे ठरवा: परदेशी वंध्यत्व उपचारांबाबत खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मूल व्हावे म्हणून परदेशी जाणाऱ्या जोडप्यांना निघण्यापूर्वी लेखी माहिती मिळण्याबाबत

महोदय,

साहाय्यित जननतंत्रज्ञान (आयव्हीएफसारखे उपचार) आणि सरोगसी (दुसऱ्या बाईने गर्भ वाढवणे) यांचे दोन्ही कायदे २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. पन्नाशी उलटलेल्या बाईला आयव्हीएफ नाही, पैसे देऊन सरोगसी नाही, दात्रीने आयुष्यात एकदाच आणि सातपेक्षा जास्त स्त्रीबीजे द्यायची नाहीत. यातल्या बहुतेक अटी आम्हाला योग्य वाटतात. पण इथे दार बंद झाले म्हणून सगळी जोडपी घरी बसत नाहीत. एजंट त्यांना जॉर्जिया, केनियाची वाट दाखवतो. दोन्ही कायद्यांच्या राज्य मंडळाचे आपण पदसिद्ध अध्यक्ष आहात, म्हणून हे पत्र आपल्याला.

या प्रवासात जाण्याची तयारी चोख असते. परत आल्यावर कोणी काय करायचे, हे मात्र ठरलेले नसते आणि बाईच्या जिवावर बेतते ते तिथेच.

सगळ्यात साधे उदाहरण प्रोजेस्टेरॉनचे, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकाचे. दात्रीच्या बीजाचा भ्रूण बहुतेकदा गोळ्यांवर तयार केलेल्या गर्भपिशवीत सोडतात. त्या महिन्यात बाईचे स्वतःचे बीज फुटलेले नसते, त्यामुळे हे संप्रेरक तिच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. वार (गर्भाला पोसणारा, नाळेने जोडलेला अवयव) ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे गरोदरपणाच्या साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बाहेरूनच द्यावे लागते. पंधरा दिवसांची औषधे घेऊन बाई परत येते. चिठ्ठीवर परदेशी ब्रँडचे नाव असते आणि दुकानदार ‘हे मिळत नाही’ म्हणतो. गावच्या डॉक्टरांना उपचाराची फेरी कोणत्या पद्धतीची होती हेच माहीत नसते, आणि चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून औषध थांबते. चांगला रुजलेला गर्भ एवढ्यावरून जातो. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, मात्रा, देण्याचा मार्ग आणि बंद करण्याची तारीख असली तर हे टळते.

दुसरा धोका ज्यांची स्वतःची बीजे काढली जातात त्यांना. दहा-बारा दिवस इंजेक्शने, मग शेवटचे ट्रिगर, म्हणजे बीज पिकवणारे इंजेक्शन, त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजे काढतात. पीसीओएस (बीजकोशात खूप पुटिका होण्याचा विकार) असेल, फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) खूप असतील आणि ट्रिगर एचसीजी या संप्रेरकाचा असेल, तर पुढच्या आठवडाभरात बीजकोश सुजतात, रक्तातले पाणी पोटात आणि कधी छातीत उतरते, रक्त घट्ट होऊन गुठळ्यांची भीती वाढते. त्याच दिवसांत तिला विमानात तासन्‌तास बसवले जाते. दिवसाला किलोभर वजन वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, पायात किंवा मानेत दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. पोट फुगले म्हणून आधी लघवीचे औषध देणे घातक, कारण रक्तवाहिन्यांतले पाणी आधीच कमी झालेले असते. अशा बाईने एचसीजीऐवजी अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर (बीज पिकवणारे वेगळ्या प्रकारचे इंजेक्शन) आणि सगळे भ्रूण गोठवून ठेवणे, हे दोन पर्याय आधीच विचारून घ्यावेत. त्याने धोका पुष्कळ कमी होतो.

भ्रूण किती सोडायचे, हेही लेखी हवे. एका फेरीत काम व्हावे म्हणून तीन सोडले जातात. तिळी राहिली तर बाईचा रक्तदाब आणि अपुऱ्या दिवसांची बाळे सांभाळायची वेळ इथल्या नवजात कक्षावर येते.

दात्रीच्या एचआयव्ही, कावीळ, सिफिलिसच्या तपासण्या बहुधा होतात. हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी) विचारली जात नाही. नवरा बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक (स्वतः निरोगी, पण दोष बाळाकडे देऊ शकणारा) असेल आणि दात्री आग्नेय आशियातली, तर तिकडे सर्रास आढळणारे हिमोग्लोबिन ई (हिमोग्लोबिनचा एक सदोष प्रकार) त्याच्याशी जुळून बाळाला रक्त चढवत राहावे लागेल असा आजार होऊ शकतो. सिकलसेल वाहकालाही हीच काळजी लागू. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे वेगळे सांगायला नको. आधी नवऱ्याची तपासणी, मग दात्रीची निवड, असा क्रम हवा.

उरलेल्या भ्रूणांचे काय? २०१५ पासून मानवी भ्रूण भारतात आणायला बंदी आहे, संशोधनाचा अपवाद सोडून. ते तिकडेच राहतात. थायलंडने आणि नेपाळने २०१५ मध्ये, कंबोडियाने २०१६ मध्ये परदेशी जोडप्यांसाठी सरोगसीचे दार लावले. ज्यांचे काम अर्ध्यावर होते ते अडकले. कायदा बदलला तर भ्रूण कोणाच्या ताब्यात, साठवणीचे भाडे कोण भरणार, हे करारात नसेल तर सही करू नये.

बाळाची गोष्ट त्याहून नाजूक. त्या देशात सरोगसी कायदेशीर असणे वेगळे आणि बाळाला भारतीय पासपोर्ट मिळणे वेगळे. परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद भारतीय दूतावासात वर्षाच्या आत व्हावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. २००८ मध्ये आणंदला जन्मलेले जपानी दांपत्याचे बाळ आईबाप जन्माआधीच विभक्त झाल्याने कागदांअभावी इथे अडकले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपल्या जोडप्यांवर तीच वेळ परक्या देशात येऊ शकते. दूतावासाला काय कागद लागतील, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

महोदय, आम्ही तीन गोष्टी मागतो. राज्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत केंद्राने, जे जोडपे आपली फाइल मागेल त्याला उपचाराच्या पूर्ण नोंदींसोबत वरील मुद्द्यांचे मराठी पत्रक द्यावे, कुठे जाणार हे न विचारता. परतलेल्या बाईच्या गुंतागुंतीवर उपचार करणे हा डॉक्टरचा गुन्हा नाही, असे परिपत्रक सर्व जिल्हा रुग्णालयांना जावे. आज कायद्याच्या भीतीने तिला पुढे पाठवले जाते आणि त्यात तास जातात.

तिसरी मागणी एजंटांबाबत. ‘परदेशात हवा तो मुलगा’ असे सुचवणाऱ्या जाहिराती मोबाइलवर फिरतात. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याचे कलम २२ लिंगनिवडीच्या जाहिरातीला, इंटरनेटवरच्या सुद्धा, बंदी घालते. उपचार परदेशात होत असला तरी जाहिरात इथे होते. जिल्ह्याजिल्ह्यातल्या समुचित प्राधिकाऱ्यांना (हा कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यांना) या जाहिराती तपासून फिर्यादी दाखल करण्याचे आदेश आपण द्यावेत.

पत्रकाचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.

आपले,
वंध्यत्व उपचार क्षेत्रातले काही स्त्रीरोगतज्ज्ञ, भ्रूणशास्त्रज्ञ आणि समुपदेशक