मुधोळचं पिल्लू आणायच्या आधी

रायबाग तालुका,
मार्गशीर्ष

चि. अश्विनीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मैत्रिणीच्या गावाकडं मुधोळची पिल्लं झालीत, त्यातलं एक संक्रांतीला घेऊन येते म्हणालीस. फोनवर तुझ्यापुढं माझं काही चालत नाही, म्हणून लिहायला बसले. माझं आणि आबांचंही म्हणणं, पिल्लू आणू नकोस.

मुधोळच्या कुत्र्याला मी नावं ठेवत नाही. घोरपडे सरकारांनी जोपासलेली जात, 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर आली, लष्करानंही नेली. पण ते शिकारीचं कुत्रं. ससा दिसला की सुटलं, मग हाका मारून घसा बसला तरी मागं फिरत नाही. आणि अंगावर केस ते केवढेसे! पहाटेच्या गारठ्यात ते शेकोटी सोडणार नाही, आणि आपल्याला कुत्रं लागतं ते शेकोटीपासून लांब, मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या जाळीपलीकडं, अंधारात.

सध्या कारखाने सुरू आहेत. उसाचे फड तुटायला लागले की आतली जनावरं उघड्यावर येतात, कोल्हा म्हण, लांडगा म्हण, कधी बिबट्यासुद्धा. तुझ्या आज्जीकडून ऐकलं असशील, एक लांडगा समोर तोंड दाखवून कुत्र्यांना लांब ओढतो आणि दुसरा मागून वाघरीत शिरतो. परवा रात्री तसंच काहीतरी झालं. तुटलेल्या फडाच्या बाजूला खसफसलं तसा भुऱ्या भुंकत पळाला. चांदी मात्र जागची हलली नाही. उलट ती वळून दुसऱ्या अंगाला गेली, वाऱ्याकडं नाक करून उभी राहिली. पाठीवरचे केस ताठ, आवाज मात्र काही नाही. आबा बॅटरी घेऊन गेले तर बांधाकडनं काहीतरी सटकलं. काय होतं ते दिसलं नाही. भुऱ्या अर्ध्या तासानं जीभ बाहेर काढून परत आला, मोठा पराक्रम केल्यासारखा! बसून राहणारं कुत्रं ते राखणीचं. चांदीला आपण डोळे उघडल्यापासून कोकरांत ठेवली, मेंढीच्या दुधावर वाढवली, म्हणून तिला कळप म्हणजे आपलंच गणगोत वाटतं. तुझं पिल्लू मोठं होऊन येणार, त्याला हे कसं शिकवणार?

बाकी थंडी बरी आहे. तुमच्या बिदरएवढी नसेल, पण दहिवर दाट पडतंय. ते उडाल्याशिवाय कळप सोडत नाही. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंत चढून बसतात हे तू कॉलेजात शिकलीस, तुझे आजोबा मात्र नुसतं ‘दहिवर बाधतं’ म्हणायचे. मक्याचं रान मोकळं झालंय, पण पडलेली कणसं आधी वेचून घेतो, मगच मेंढरं आत. गेल्या साली शेजारच्या वाडग्यातली दोन मेंढरं दाणे खाऊन फुगून मेली. ज्वारीच्या कापलेल्या धाटांना फुटवे आलेत, तिकडं तर फिरकूही देत नाही, किराळ लागायचा, कोवळ्या फुटव्यांचं विष चढायचं. पाल्याची, वाढ्याची मात्र चंगळ आहे.

कोकरं रोज होतायत. काल एका पहिलटकरणीनं कोकरू दिलं आणि चाटेचना, लांब जाऊन उभी. पोत्यानं कोकरू खरखरून पुसलं, अंगाला मीठ चोळलं, मेंढीला दोन पायांत धरून चीक पाजला. मिठाची चव लागल्यावर बाई जवळ आली. कोकरू रात्री घोंगड्यात माझ्याजवळ होतं. ते आज्जीचं जुनं घोंगडं, चिंचोक्याची खळ अजून निघालेली नाही, अंगाला टोचतं पण पाणीसुद्धा आत येऊ देत नाही. आता लोकर घ्यायला कोण येत नाही, कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही.

वार मात्र खड्डा करून पुरली. तू सांगितल्यापासून मेंढराचं काही कच्चं कुत्र्यांना टाकत नाही. डोकं तर अजिबात नाही. आबांना आधी पटलं नव्हतं, वाडवडलांपासून टाकत आलो म्हणाले. मग गरगर फिरणारं ते मेंढरू आठव म्हटलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी गवतावर पडतात, ती मेंढराच्या पोटात गेली की त्यातल्या अळ्या मेंदूत जातात, हे मी तुझ्याच शब्दांत त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, पण परवा मटण केलं तेव्हा डोकं स्वतः शिजवून घातलं.

तर येताना पिल्लाच्या जागी कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्या आण, दोघांनाही पुरतील अशा, वजन लिहून पाठवते. रेबीजची लस मागच्या पावसाळ्यात दिलेली, पुन्हा कधी द्यायची ते विचारून ये. माघात चिंचलीला मायाक्काची जत्रा आहे, तोवर राहता आलं तर बघ. गाड्या रस्त्यानं जायला लागल्या की मेंढरं रस्त्याच्या कडेला आणता येत नाहीत, हाताखाली एक माणूस जास्त लागतं.

आणि इतकं सांगूनही पिल्लू आणलंसच, तर ते घराकडं आज्जीच्या सोबतीला राहील. वाघरीजवळ नाही. तिचं म्हणणं, गोरंपान असेल तर चालेल.

तुझी,
आई